तोंडातला प्लांट

फेकजाळं हातानं टाकतात असं ज्याला वाटतं, त्यानं ते कधी टाकलेलं नाही. फेकजाळं दातानं टाकतात. हात मदतीला असतात.

जाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. दोर डाव्या मनगटात अडकवायचा, थोडं जाळं डाव्या कोपरावर घ्यायचं, थोडं उजव्या हातात, आणि मधला काठ समोरच्या दातांत धरायचा. मग कंबरेतून वळायचं आणि सोडायचं. हात आणि तोंड एकाच दमात सुटले पाहिजेत. तोंड जरा उशिरा उघडलं तर जाळं गोल पडत नाही, धोतर वाळत घातल्यासारखं लांबट पडतं. लवकर उघडलं तरी तेच. माझ्या बापानं मला मारून मारून शिकवलं ते हात फिरवायचं नाही, तोंड उघडायचं. "तोंड! तोंड!" असा तो तलावाच्या पाळीवरून ओरडायचा. रस्त्यानं जाणाऱ्याला वाटायचं, बुढा पोराला शिव्या देऊन राह्यला.

आमचं गाव वडशापासून सायकलनं जाण्यासारखं. गावाला मोठा तलाव, तलावाखाली धान, आणि तलावात आम्हा ढिवर लोकांची मासेमारीची सोसायटी. शाळा मी चौथीत सोडली, पण जाळं जन्मभर गोल टाकलं. ही बढाई नाही. गावात कोणालाही विचारा.

तर दात. वरचे समोरचे चार दात खर्ऱ्यापायी गेले. दिवसभर गालात खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी-चुन्याचा घोटलेला चुरा, असायचा. हिरड्या सैल झाल्या, दात हलायला लागले. एक भातातल्या खड्यावर गेला. एक खोकताना उडाला. एक मी स्वतःच उपटला, कारण तो सारखा जिभेला लागायचा. चौथा कुठं गेला ते आजपर्यंत माहीत नाही. बायको म्हणायची, "गिळला असन. जाईन कुठी?"

मग वडशाला जाऊन मी तारेच्या आकड्यांची कवळी करून आणली. घरी आलो, बायकोसमोर उभा राहून दात दाखवले. तिनं मान इकडून तिकडून करून पाहिलं आणि म्हणाली, "नवरदेव दिसून राह्यले. पण नवरी कोण देईन?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तलावावर गेलो. ती नेहमीसारखी टोपली घेऊन पाळीवर बसली. मी छातीभर दम घेतला, काठ नव्या दातांत धरला, वळलो, सोडलं. तोंड बरोबर वेळेवर उघडलं. जाळं पाण्यावर असं गोल पडलं की बापानंही मान डोलावली असती. आणि जाळ्याच्या जरा पुढं, टुबुक.

"अवो, काय पडलं ते?" बायकोनं वरून विचारलं.

मी ओरडलो, "दाफ! दाफ!"

तिला ऐकू आलं साप. ती उठून उभी राहिली आणि तिच्या त्या बाजारात मासे विकायच्या आवाजात ओरडली, "साप! पाण्यात साप!" पलीकडं कंबरभर पाण्यात आमच्याच सोसायटीचे लोक होते. ते कसे बाहेर आले ते पाहायला पाहिजे होतं. एकाचं धोतर पाण्यातच राहिलं. मी दोन्ही हात हलवून सांगतोय, "फाप नाई, दाफ, दाफ!" आणि ते अजून लांब पळताहेत. शेवटी मी तोंड उघडून बोटानं हिरडी दाखवली, तेव्हा तिला कळलं. ती हसायला लागली की तिला उभं राहता यायचं नाही. ती पाळीवर बसली, मग आडवी झाली, आणि टोपलीत तोंड खुपसून हसत राहिली.

कवळी शोधायला सगळे पाण्यात उतरले. पायानं चिखल चाचपला, जाळी ओढली. नाही सापडली. गावानं मग ठरवून टाकलं की आमच्या तलावात एक मरळ आहे आणि ती दात लावून फिरते. बाजारात बायकोला गिऱ्हाईक विचारायचं, "बाई, ते दातवाली मरळ हाय का आज?" ती म्हणायची, "हाय ना. पण चावते. तू नोको घेऊ, नवऱ्याले पाठव."

त्या हिवाळ्यात मी काठावरून गळ टाकत बसायचो, आणि ती घरी नवं जाळं विणायची. आमच्यात जाळं दोघंही विणतात, पण तिच्या गाठी माझ्यापेक्षा चांगल्या. बारीक, सारख्या, मोहरीच्या दाण्याएवढ्या. ती मला अंगणात उभं करायची, हात पसरायला लावायची आणि सुतानं माप घ्यायची. "शिंप्याकडे आलो का मी?" असं म्हटलं की म्हणायची, "गप उभे राहा. तुमच्या हाताचं जाळं दुसऱ्याच्या हाताले बसत नाई." जाळं पुरं झालं तेव्हा मी गोळ्या ओवल्या. ती म्हणाली, "हे तुमीच पाण्यात उतरवाचं. आधी दाताचं काई पाहा. दुसऱ्याच्या हाती देलं तर याद राखजा."

उन्हाळ्यात ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि परत मी एकटा आलो. याच्याहून जास्त मला लिहिता येत नाही.

जाळं भिंतीवर खुंटीला टांगलेलं राहिलं. कोरडं. पाण्याचा एक थेंब त्याला लागलेला नाही. सकाळी डोळे उघडले की पहिलं तेच दिसायचं. मला दुसरं काही नको होतं. ते एकदा पाण्यात टाकायचं, आणि मी टाकायचं, एवढंच डोक्यात होतं. हिरडीत धरून पाहिलं, सटकतं. दाढेत धरलं तर मान वाकडी होते आणि जाळंही वाकडं जातं. पुन्हा कवळी केली असती तर पुन्हा मरळीला दिली असती.

तलावात माझा एक जोडीदार आहे. लहानपणापासून आम्ही एकाच पाण्यात. तो रोज येऊन ओट्यावर बसायचा आणि जाळ्याकडं पाहायचा.

"लेका, मले दे ते. मी टाकतो."

"नाई."

"भिताडाले टांगून काय पाली पकडून राह्यला?"

"पाली पकडीन. तुले काय करा लागते?"

तो चिडायचा नाही. उद्या परत यायचा.

मुलगी चंद्रपूरला राहते. रोज फोन करायची आणि रोज म्हणायची, "बाबा, काय म्हणून राह्यले, समजत नाई." समोरचे दात नसले की अर्धी अक्षरं वाऱ्यावर जातात. मीही मग बोलणं कमी केलं. हूं आणि उंहूं, दोनच शब्द ठेवले. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, आता दात हाडातच बसवते. काढाचे नाई, घालाचे नाई. निघतच नाई."

"कशानं बसवते?"

"स्क्रूनं."

"मी का टेबल हाय?" म्हटलं. पण फोन ठेवल्यावर जाळ्याकडं पाहिलं. निघतच नाही म्हणाली होती ती.

पैशाचं विचारू नका. तो बापलेकीचा मामला आहे.

वडशाहून गाडीत बसलो आणि चंद्रपूरच्या चांदाफोर्ट स्टेशनवर उतरलो. मुलगी घ्यायला आली होती. दातांची डॉक्टर बाई होती, माझ्या मुलीहूनही लहान. टेबलावर बुद्धाची लहानशी मूर्ती, आणि बाजूला तोंडाचा एक लाकडी नमुना, त्याला सगळे दात. मला त्या लाकडी तोंडाचा हेवा वाटला. बाईनं माझ्या तोंडाचे फोटो काढले, साखर तपासली, मग समोर येऊन बसली.

"बाबाजी, खर्रा?"

"खातो."

"मंग मी नाई करत."

मुलगी माझ्याकडं पाहायला लागली. मी बाईकडं. तिचं बोलणं आमच्याकडचं होतं. विचारलं तर म्हणाली, वैनगंगेच्या पलीकडचं गाव, बाप धान लावतो, आणि सुट्टीत ती स्वतः चिखलात उतरून पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, रोवणी करायची.

"हे रोवणीच हाय, बाबाजी," ती म्हणाली. "हाडात आधी मूळ रोवाचं. मंग तीन-चार महिने हात नाई लावाचा. त्यानं हाड धरलं की मंग वरून दात. पण पऱ्हे लावल्यावर बांधीत कोणी रोज गरम राख टाकली, तर धान होईन का?"

"नाई होणार."

"खर्रा म्हणजे ते राख. आता बोला."

मला डॉक्टरांचं बोलणं कधी समजलेलं नाही. हे समजलं. खिशातली खर्ऱ्याची पुडी काढून तिच्या टेबलावर ठेवली. तिनं ती दोन बोटांनी उचलून डब्यात टाकली, मेलेला उंदीर टाकावा तशी.

मग मी माझं विचारलं. "जाळं टाकता येईन का यानं?"

"कायचं जाळं?"

मी समजावून सांगितलं. काठ, दात, वळणं, सोडणं. ती ऐकत होती आणि तिचे डोळे मोठे होत होते. म्हणाली, "आजपर्यंत लोकांनी मले विचारलं, हाडूक खाता येईन का, ऊस खाता येईन का. जाळं कोणी नाई विचारलं."

"तेच करासाठी आलो मी. खाणं तर हिरडीनंबी होते."

तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "आधी मूळ धरू द्या. मंग पाहू."

गावी परतलो आणि चहाच्या टपरीवर बसलो. तिथं कोणीतरी विचारलं, "भाऊ, चंद्रपूरले काऊन गेल्ता?" माझ्या डोक्यात मुलीनं दहादा म्हटलेला इंग्रजी शब्द होता, इम्प्लांट. त्याचं अर्धं जिभेवर बसलं, अर्धं गळालं. मी म्हटलं, "प्लांट बसवून राह्यलो."

आता आमच्या जिल्ह्यात हा शब्द असा तोंडातून काढू नये. सूरजागडच्या डोंगरातून लोखंड निघायला लागलं तेव्हापासून प्लांट म्हटलं की माणूस चहाचा कप खाली ठेवतो. कोणाची जमीन, किती जणांना काम, धूर कोणीकडं जाईल, सगळं त्या एका शब्दात येतं. मी चहा पिऊन घरी आलो आणि झोपलो. सकाळी दारात माणसं.

पहिली एक बाई आली, मागच्या गल्लीतली. "भाऊ, माया पोराले चौकीदार म्हणून लावून घ्या. रात्रपाळीबी करन."

"कायचा चौकीदार?"

"आता लपवू नोका. गावाले मालूम झालं."

तिच्या मागं एक जण आला, त्याचा ट्रॅक्टर होता. तो म्हणाला, मुरूम टाकायचा असला तर दुसऱ्याला विचारू नका. मग सोसायटीचे दोघं आले. ते ओट्यावर बसलेही नाहीत, उभेच राहिले. त्यातला मोठा म्हणाला, "बुढ्या, तलाव विकला का तू? प्लांट कुठी बसवून राह्यला, सांग. पाळीच्या वर का खाली?"

मी म्हटलं, "वर. वरच्या बाजूनं."

"कोणाच्या जागेत?"

"माया जागेत."

"तुयी जागा हाय कुठी वर?"

मी तोंड उघडलं आणि बोट लावलं. "हे काय. चार दाताची जागा रिकामी हाय, दिसत नाई का?"

दोघं वाकून माझ्या तोंडात पाहायला लागले. ट्रॅक्टरवालाही वाकला. बाई म्हणाली, "अगं माय, यात चौकीदार कुठी बसन?" आणि मग जे हसू सुटलं, ते गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. मी हसलो नाही. ओठ घट्ट मिटून उभा राहिलो. त्या दिवसांत मला हसायचं म्हटलं की अंगावर यायचं. पण बरं वाटलं, हे खोटं का बोलू. त्या दिवसापासून माझं नाव बदललं. जो तो विचारायचा, "प्लांट कुठवर आला? पर्यावरणाची परवानगी भेटली का?"

जोडीदारानं तर हद्द केली. पानठेल्यावर खर्रा घोटून घेताना तो माझ्यासमोर पुडी उघडायचा, वास घ्यायचा आणि म्हणायचा, "प्लांटच्या हद्दीत तंबाखूले बंदी हाय म्हणे." पहिला पंधरवडा मी त्याचं तोंडही पाहिलं नाही. डोकं दुखायचं, हात उगाच खिशात जायचा. मी गालात बडीशेप ठेवायचो. खर्ऱ्याच्या जागी बडीशेप म्हणजे मासळीच्या जागी दोडका. पण ठेवली.

मूळ रोवायच्या दिवशी बाईनं सुई दिली, ओठ लाकडासारखा झाला. मग यंत्राचा आवाज सुरू झाला. दुखलं काहीच नाही. आवाज मात्र आमच्या गावात बोअर मारला तेव्हाचा. मला वाटलं आता पाणी लागेल. दोन ठिकाणी भोक, दोन स्क्रू, त्या दोन्हींवर पुढं चार दात उभे राहणार होते. मध्येच बाई म्हणाली, "जबडा चांगला हाय, बाबाजी. काळी माती हाय." तोंडात नळी असताना माणसाला खूश होता येत नाही, पण मी झालो.

घरी आलो तर तोंड सुजून भोपळा. मुलगी बरोबर आली होती, तिनं थंड पेज केली, पातळ भात केला. जोडीदार पाहायला आला. बराच वेळ माझ्या सुजेकडं पाहून म्हणाला, "लोखंड कुठचं टाकलं? सूरजागडचंच का?"

मुलीनं सांगितलं, "काका, ते लोखंड नसते. टायटॅनियम असते. गंजत नाई."

"म्हणजे बाहेरचा माल," तो म्हणाला. "घरी डोंगर असून." आणि खरोखरच दुःख झाल्यासारखा उठून गेला.

मग पाऊस लागला आणि खरी रोवणीही लागली. बांध्यांमध्ये बाया ओळीनं वाकलेल्या, हातात पऱ्ह्यांच्या जुड्या, पाठीवर पाऊस. मी बांधावरून चालायचो आणि जिभेनं वरची हिरडी चाचपायचो. त्यांचंही रोवणं चालू, माझंही. रोवलेलं धान पहिले काही दिवस पिवळं पडतं, मान टाकतं. नव्या माणसानं पाहिलं तर म्हणेल, मेलं. मग एक दिवस सकाळी पाहावं तर हिरवं. त्या मधल्या दिवसांत कोणी उपटून पाहत नाही. मला मात्र उपटून पाहावंसं वाटायचं. आरशात पाहायचो, हिरडीवर बोट ठेवायचो. मुलगी फोनवर ओरडायची, "बाबा, बोट काढा!" तिला कसं दिसायचं कोण जाणे.

आणि घरी आलो की भिंतीवर जाळं. मूळ नाही धरलं तर काय, हा विचार मी कोणाजवळ बोललो नाही. जोडीदार जाळं मागायचा ते आता बंद झालं होतं. त्याला कळलं होतं बहुतेक.

धान गर्भाशी आलं, लोंब्या फुटायच्या बेतात होत्या, तेव्हा तपासायला गेलो. बाईनं एक बारीक दांडी घेऊन आत टकटक केलं. कान देऊन ऐकलं. फोटो काढला, पडद्यावर पाहिला. मी तिचं तोंड पाहत होतो. ती वळली आणि म्हणाली, "धरलं, बाबाजी. दोन्हीनं धरलं."

मुलगी काहीतरी विचारत होती, मला ऐकू आलं नाही. बायको गेली तेव्हापासून माझ्या हातातून सगळं सुटतच गेलं होतं. काहीतरी धरलं हे ऐकायची सवयच राहिली नव्हती. मी बाईला म्हटलं, "अजून एकदा वाजवा." तिनं वाजवलं. घट्ट आवाज होता. सागाच्या खांबावर मारावं तसा.

दात बसले दिवाळीनंतर. आरशात पाहिलं तर एक बुढा माझ्याकडं दात काढून पाहत होता. मुलगी म्हणाली, "बाबा, काई तरी बोला." मग मी म्हटलं, "दात." अगदी साफ आलं. पुन्हा म्हटलं, "दात." मुलीला ती तलावावरची गोष्ट तिच्या आईनं शंभरदा सांगितलेली. ती म्हणाली, "साप म्हणा." मी म्हटलं, "साप." ती खुर्चीत बसून हसायला लागली. हसताना ती आईसारखीच खाली बसते.

मग बाईनं नियम सांगितले. कडक हाडूक नाही, उसाचं कांडं समोरून तोडायचं नाही, दातानं दोरा तोडायचा नाही, ओढायचं काम तर अजिबात नाही.

"आणि जाळं?" मी म्हटलं.

"बाबाजी, ते ओढणंच झालं ना."

"नाई बाई. ओढत नाई. पेलते फक्त. चिमणीनं काडी धरावी तसं." तिला पटेना. मग मी तिच्या खुर्चीवरची हिरवी चादर उचलली, तिच्या डाव्या कोपरावर टाकली, एक टोक उजव्या हातात दिलं आणि मधला काठ पुढं केला. "धरा दातात."

"मी?"

"मंग कोण? तुमाले समजाचं हाय ना?"

मुलगी म्हणाली, "बाबा, काई तरीच काय!" पण बाईनं चादर दातात धरली. बाहेर बाकावर दोन पेशंट बसले होते, ते दारातून पाहायला लागले. मी तिला वळवलं, म्हटलं, "आता सोडा!" चादर गेली, त्या लाकडी तोंडावर पडली, आणि तोंड टेबलावरून खाली. बाई खाली पडलेल्या नमुन्याकडं पाहत उभी राहिली, मग स्वतःच्या दातांना जीभ लावून पाहिली.

"जोर लागत नाई खरा," ती म्हणाली. "पण सोडाले उशीर झाला तर सगळा झटका दातावर."

"बराबर."

"मंग ऐका. काठाले जिथं तोंड लागते तिथं फडक्याची जाड घडी शिवा, धागा दातावर घासला नाई पायजे. पकड ओठाची, दात मागून टेका द्याले. पहिले थोडंसंच टाका. आणि तोंड वेळेवर उघडाचं. उशीर केला तर माया मेहनतीचं मातेरं."

मी म्हटलं, "बाई, माया बापबी हेच म्हणे. तो मारे फक्त."

फडक्याची घडी मुलीनं शिवली. आईच्या जुन्या लुगड्याचं फडकं होतं, मऊ.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवसांत गावात नाटक होतं, पाहुणे होते, म्हणून ज्याला त्याला सकाळी वेळ होता. मी जाळं खुंटीवरून काढून खांद्यावर टाकलं आणि निघालो, तर मागं अर्धं गाव. जोडीदारानं उडवून दिलं होतं की प्लांटचं उद्घाटन आहे. पाळीवर माणसं बसली. तलावावर धुकं होतं, पाणी थंड. मुलगी मोबाईल धरून उभी. मी गुडघाभर पाण्यात उतरलो, जाळं कोपरावर घेतलं, घडी ओठांत धरली.

वळलो, आणि भीती वाटली. दाताची वाटली, जाळ्याची वाटली, कशाची ते सांगता येत नाही. ओठ आवळले गेले. हात सुटले आणि तोंड मागं राहिलं. हिरडीत एक हिसका बसला, आणि जाळं माझ्यासमोर हातभर अंतरावर पडलं, जसं कोणी बादलीतलं पाणी फेकावं.

पाळीवरून आवाज आला, "प्लांट बंद पडला!"

मी जिभेनं दात पाहिले. जागेवर होते. जाळं ओढून घेतलं, पुन्हा आवरलं. नवं जाळं पहिल्यांदा ओलं झालं होतं आणि आता जड लागत होतं. जोडीदार माझ्या बाजूला पाण्यात उतरून उभा राहिला. मी घडी ओठांत धरली, वळायला सुरुवात केली, आणि तो एकदम हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला:

"बुढी वरून पाहून राह्यली असन. म्हणत असन, पालीच पकडत होते तेच बरं होतं."

तिच्या तोंडचं असं बोलणं माझ्यासमोर इतक्या दिवसांत कोणी काढलं नव्हतं. सगळे जपून बोलायचे. मला हसू आलं. आवरायच्या आत आलं, आणि हसताना तोंड जसं उघडतं तसं ते उघडलं, बरोबर त्या क्षणी.

जाळं धुक्यात गेलं, वर जाऊन पसरलं, आणि पाण्यावर गोल पडलं. पूर्ण गोल. गोळ्या एकदमच बुडाल्या, पावसाची एक सर आल्यासारखा आवाज झाला. मी अजून हसतच होतो. थांबता येत नव्हतं. जोडीदार म्हणाला, "तोंड मीट आता, दात सर्दावतीन."

ओढताना जाळं अडकलं. पाण्याखाली जुना खुंट होता, सगळ्यांना माहीत असलेला, मीच विसरलो होतो. जपून सोडवलं तरी फाटलंच, पंजाएवढं. आत आले ते मूठभर बारीक झिंगे, थोडी शेवाळ आणि दोन लहान रोहू, ते मी परत पाण्यात सोडले.

जोडीदारानं भोकातून हात घालून सगळ्यांना दाखवला. "पाहा हो! पहिल्याच दिवशी भोक!"

"मंग?" मी म्हटलं. "जाळं हाय ते. नाटकाचा पडदा नाई."

लोक पांगले. मी पाळीवर बसलो, सुई आणि धागा घेऊन तिथंच जाळं दुरुस्त करायला लागलो. तिच्या गाठी बारीक, एका ओळीत. त्यांच्या मधोमध माझ्या गाठी, हरभऱ्याएवढ्या, एक इकडं एक तिकडं. दुरूनही ओळखू येत होतं कुठं तिचं आहे आणि कुठं माझं. मुलगी बाजूला येऊन बसली आणि त्या गाठींकडं पाहत राहिली.

"बाबा, वाईट वाटून राह्यलं का?"

"कायचं वाईट? पाण्यात गेलं म्हणजे फाटनच. उद्या अजून फाटन." मी टोपली तिच्याकडं सरकवली. "तू झिंगे निवडाले घे. चांगले कुरकुरीत भाज. मले भूक लागली."